विमानतळावर एचआयव्ही तपासून रोग थांबत नाही

बुलढाणा-अकोल्याकडच्या गावांतून कुणी आखातात कामाला गेला, की पारावर हमखास ऐकू येतं: ‘परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाची विमानतळावरच सक्तीनं एचआयव्ही तपासणी करा, रोग गावात शिरणारच नाही.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्याचा त्रास घरी परतलेल्या पोराला नि त्याच्या बायकोला होतो.

लागण झाल्यावर काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, रक्तात ती दिसतच नाही. म्हणजे ‘निगेटिव्ह’ कागद हातात असलेल्या माणसालाही लागण असू शकते. शिवाय एकत्र जेवल्यानं, खोकल्यानं, एकाच हापशीवर पाणी भरल्यानं किंवा डास चावल्यानं हा विषाणू पसरत नाही. मग प्रवाशाला नाक्यावर अडवून साधणार काय? अमेरिकेनं 1987 पासून बाधितांना प्रवेशबंदी केली होती. तरी साथ तिथं होतीच. 2010 मध्ये ती बंदी उठली.

आखाती देश कामाच्या व्हिसासाठी ही तपासणी मागतात, हे खरं. पण तो त्यांचा नियम. आपल्याकडे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. सरपंचानं किंवा सासरच्यांनी रिपोर्ट मागितला, तर तो दाखवायचं बंधन नाही.

शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जा. आधी समुपदेशक बोलतात, मग रक्त घेतात. पैसे लागत नाहीत. औषधंही मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. फोनवर विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइनचा नंबर 1097.