युद्धविरोधी देशत्याग (स्त्रियांचा)

आपल्या देशाने चालवलेले युद्ध अमान्य असल्यामुळे स्त्रीने स्वेच्छेने देश सोडून अन्यत्र स्थायिक होणे. युद्धाच्या झळीतून जीव वाचवणाऱ्या निर्वासित स्त्रिया यात मोडत नाहीत. जुन्या मराठी कागदपत्रांतला ‘परागंदा’ (मूळ फार्सी, अर्थ ‘विखुरलेला’) हा शब्द त्यांना लागू पडतो; फौजेच्या धामधुमीत गाव टाकून गेलेली रयत परागंदा होई. म्हणून येथे ‘देशत्याग’ ही संज्ञा योजली आहे.

उगमाबाबत एकमत नाही. रशियात १८७४ मध्ये सार्वत्रिक लष्करसेवा लागू झाल्यावर अनेक मेनोनाइट (शस्त्र न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची) कुटुंबे उत्तर अमेरिकेत गेली. १८९५ मध्ये शस्त्रे जाळणाऱ्या दुखोबोर या रशियातल्याच ख्रिस्ती पंथाचे सुमारे साडेसात हजार लोक १८९९ च्या सुमारास कॅनडात पोहोचले. काहींच्या मते आरंभ येथेच धरावा. पण ही अख्ख्या पंथाची स्थलांतरे होती आणि विरोध एखाद्या युद्धाला नसून लष्करसेवेलाच होता; त्यांतून एकेकीचा निर्णय वेगळा काढता येत नाही. व्हिएटनाम युद्धकाळात कॅनडात गेलेल्या अमेरिकी स्त्रिया हे पहिले ठळक उदाहरण मानणे अधिक सयुक्तिक.

अमेरिकेत सक्तीची भरती फक्त पुरुषांना होती. त्यामुळे कॅनडात गेलेल्या तरुणाबद्दल ‘भरती चुकवली’ असे म्हणता येई. स्त्रीला चुकवण्यासारखे काहीच नव्हते. नगरविचारक जेन जेकब्स (भरतीच्या वयाच्या मुलांसह) आणि विज्ञानकथालेखिका ज्युडिथ मेरिल या दोघी १९६८ मध्ये टोरांटोला गेल्या. कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय यांवर आधारलेली गुणपद्धती आणली. तीत एकटी स्त्री स्वतःच्या गुणांवर पात्र ठरू शके, मात्र विवाहिता बहुधा पतीची आश्रित म्हणून नोंदली जाई. भरतीच्या वयाच्या अमेरिकी आगंतुकांत स्त्रिया निम्म्याच्या आसपास होत्या. काही अभ्यासक त्या पुरुषांहून अधिक असल्याचे सांगतात आणि नोंदींची ही पद्धत पाहता ते मत ग्राह्य वाटते. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दिलेली माफी भरतीकायदा मोडणाऱ्यांसाठी होती. स्त्रियांनी तो मोडलाच नव्हता, म्हणून माफीच्या चर्चेतही त्या दिसत नाहीत.

बडोद्याच्या दांडिया बाजार, बाबाजीपुरा भागांतील मराठी घरांना ही नोंदपद्धती परकी वाटू नये. पुण्या-साताऱ्याकडून आलेली सून जनगणनेत ‘विवाह’ या कारणाखाली मोजली जाते, तिने येथली शिक्षिकेची नोकरी स्वतः मिळवली असली तरी.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे (१९४८) कलम १३ कोणताही देश, स्वतःचाही, सोडण्याचा हक्क देते. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द बदलून ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारा शब्द यावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. बडोद्यात त्यांचे हे काम कुलगुरुपदाहून कमी आठवले जाते, ते योग्य नव्हे. १९५१ च्या निर्वासित करारात मात्र आश्रयाच्या पाच आधारांत ‘लिंग’ हा आधार नाही. युद्धविरोधी स्त्रीला ‘राजकीय मत’ हाच आधार सहसा घ्यावा लागतो.

युक्रेनवरील आक्रमणानंतर (२०२२) रशियातूनही अशा स्त्रिया बाहेर पडल्या. बोल्शॉय नृत्यसंस्थेच्या नर्तिका ओल्गा स्मिर्नोव्हा मार्चमध्येच ॲम्स्टरडॅमला गेल्या. थेट प्रक्षेपणात युद्धविरोधी फलक धरणाऱ्या पत्रकार मरीना ओव्स्यानिकोव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलीसह देशाबाहेर पडल्या.