न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ (व्यवसाय)

रुग्णाला किरणोत्सारी औषध अल्प प्रमाणात देऊन हाडे, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड यांचे काम कसे चालले आहे ते स्कॅनवर टिपणारा तंत्रज्ञ. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात. इथे ते रुग्णाच्या शरीरातून निघतात आणि गॅमा कॅमेरा किंवा पेट स्कॅनर ते पकडतो. त्यामुळे यंत्राइतकीच औषधाचीही जाण लागते.

दिवस हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीत, सुरू होतो. शिशाच्या आवरणातल्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम-९९ पासून टेक्नेशियम-९९एम हे स्कॅनसाठीचे किरणोत्सारी द्रव्य तयार होत असते. सलाइनच्या साहाय्याने ते काढायचे, त्यात मॉलिब्डेनम उतरले नाही ना ते पाहायचे, मग ते त्या त्या अवयवापर्यंत नेणाऱ्या औषधांची किट बनवायची: हाडांसाठी एमडीपी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तास. सकाळी ८ ला मोजलेला डोस दुपारी २ ला निम्मा. पेटसाठीच्या फ्लोरिन-१८ चे तर जेमतेम ११० मिनिटे. रुग्ण ट्रॅफिकमध्ये अडकला की सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. या नोकरीचा खरा कस इथे लागतो, आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात नेमके हेच नसते. एफडीजी हे फ्लोरिन-१८ जोडलेले औषध टोचल्यावर रुग्णाला साधारण तासभर गप्प पडून राहायला सांगतात, कारण बोलत राहिल्यास स्वरयंत्राचे स्नायू ते साखरेसारखे औषध ओढून घेतात आणि स्कॅनवर उजळतात. मोबाइलवर बोलणाऱ्याला न दुखावता थांबवणे हेही कामातच धरायचे.

भारतात या क्षेत्राची पायाभरणी मुख्यतः मुंबईत झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे. तिथला डीएमआरआयटी (डिप्लोमा इन मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्स) हा पदविका अभ्यासक्रम विज्ञान पदवीधरांसाठी आहे. अन्यत्र न्यूक्लिअर मेडिसिनमधील बीएस्सी, एमएस्सीही करता येते. संस्था निवडताना तिची पदवी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पात्रतेत बसते का, हे आधी विचारावे. फी, वसतिगृह नंतर.

किरणांची भीती घरच्यांना जास्त असते. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचे एकक), कोणत्याही एका वर्षात ३०. मिळालेला डोस नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बॅज ठरावीक मुदतीने तपासणीला जातो. अंतर दुप्पट केले की डोस साधारण चौथाईवर येतो, म्हणून मुरलेला तंत्रज्ञ रुग्णाला सगळ्या सूचना इंजेक्शनच्या आधीच देऊन ठेवतो; नंतर त्याच्याजवळ थांबावे लागत नाही.

नोकऱ्या बहुतांशी मोठ्या शहरांतल्या कॅन्सर रुग्णालयांत आणि पेट-सीटी केंद्रांत मिळतात. पुढे आवश्यक पात्रता मिळवून किरण सुरक्षा अधिकारी होता येते.