सौरज्वाला आणि दुसऱ्या ताऱ्यांवरचे फ्लेअर

सूर्यावर चुंबकीय रेषा पिळवटून तुटतात, परत जुळतात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत बाहेर पडते, ती सौरज्वाला, म्हंजे फ्लेअर. ताऱ्यांवरपण हेच होतं. पण तारा कितीही मोठ्या दुर्बिणीतनं बघा, बहुतेक वेळा ठिपकाच दिसतो, उजेड चढला आणि उतरला एवढंच हातात येतं, त्यामुळं त्याचा अर्थ सूर्यावरनं लावायला लागतो.

रात्री पन्हाळ्यावरनं कोल्हापूर बघितलंय का? एखाद्या पेठेतली लाईट गेली तर तेवढाच तुकडा काळा पडलेला लगेच कळतो. हेच शहर लांबून एका ठिपक्याएवढं झालं तर उजेड जरा कमी झाला एवढंच कळंल, कुठली पेठ ते नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात, तर सूर्याच्या सगळ्या चकतीचा उजेड मुद्दाम एकत्र करून त्याचा ठिपका बनवतात. सूर्यावर कुठला डाग (जोरदार चुंबकीय क्षेत्राची काळपट जागा) पेटला, प्लाझ्मा, म्हंजे तापून विद्युतभारित झालेला वायू, बाहेर पडला की नाही हे आधीच माहीत असतंय, आता त्याची कुठली खूण ठिपक्याच्या उजेडाच्या आलेखात उरते तेवढं शोधायचं. मला ही युक्ती फार आवडते. अशीच एक खूण म्हंजे डिमिंग: प्लाझ्मा निघून गेला की मागची जागा अतिनील आणि क्ष-किरणांत अंधारते, तशी घसरण ताऱ्याच्या आलेखात दिसली तर तिथनंपण प्लाझ्मा बाहेर पडला असावा.

पण सूर्याचं माप सगळीकडं चालत नाही. २८ ऑक्टोबर २००३ च्या प्रचंड ज्वालेनंपण सूर्याचा एकूण उजेड ०.०३ टक्क्यापेक्षा कमीच वाढला. लाल बटू तारे मुळात मंद आणि थंड, त्यामुळं तिथला फ्लेअर उठून दिसतो. मे महिन्यात रात्री आपल्याकडं दक्षिणेला क्षितिजाजवळ मित्र तारा दिसतो, त्याच्याच शेजारचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा प्रॉक्सिमा हा असाच लाल बटू मार्च २०१६ मध्ये थोडा वेळ ६० पटीहून जास्त उजळला होता. त्याच्याभोवती ११ दिवसांत फेरी मारणारा ग्रह आहे, तिथली हवा असल्या माऱ्यात टिकते का हा खरा प्रश्न. केप्लर या अंतराळ दुर्बिणीला तर सूर्यासारख्या ताऱ्यांवरपण सगळ्यात मोठ्या सौरज्वालांच्या दहापट आणि त्याहून मोठे सुपरफ्लेअर सापडले, २०१२ च्या अभ्यासात १४८ ताऱ्यांवर ३६५. मोठी ज्वाला म्हंजे प्लाझ्मा सुटणारच असंपण नाही, ऑक्टोबर २०१४ मधल्या एका अवाढव्य डागानं एक्स वर्गाच्या, म्हंजे सगळ्यात जोरदार गटातल्या ज्वाला टाकल्या, पण वरच्या चुंबकीय क्षेत्रानं प्लाझ्मा बहुतेक दाबूनच धरला. जास्त चुंबकीय ताऱ्यांवर असं सर्रास होत असंल असा अंदाज आहे.

आपल्याकडं आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासनं १५ लाख किलोमीटरवरनं सूर्य बघतंय, त्यातली अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे, ते ज्या ६० ते १०० किलोमीटर उंचीच्या हवेचा अभ्यास करतं, त्याच थरात ज्वालेचे क्ष-किरण सूर्यावरनं निघाल्यावर ८ मिनिटांत पोचतात, तिथं इलेक्ट्रॉन वाढतात आणि दिवसा शॉर्टवेव्ह रेडिओ गप्प होतो.