टोकेलाऊ

दक्षिण पॅसिफिक महासागरातील पॉलिनीशियन द्वीपसमूह व न्यूझीलंडच्या अखत्यारीतील प्रदेश. सामोआच्या उत्तरेस सुमारे ५०० किमी.वर आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो अशी तीन कंकणद्वीपे असून लोकसंख्या सुमारे १,५०० आहे (२०१६). येथे विमानतळ नाही. सामोआतील आपियाहून बोटीने यायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. बोट प्रवाळभित्तीबाहेर थांबते आणि माणसे व सामान लहान नावांतून किनाऱ्यावर उतरवतात. कायमची राजधानीही नाही : तिन्ही बेटांचे ‘फाइपुले’ (निर्वाचित नेते) वर्षावर्षाने आळीपाळीने ‘उलू’ म्हणजे प्रदेशप्रमुख होतात आणि राजधानीचा मानही त्यांच्या बेटाकडे जातो.

प्रत्येक द्वीप म्हणजे खारकच्छाभोवती (प्रवाळांनी वेढलेल्या उथळ खाऱ्या सरोवराभोवती) विखुरलेल्या चिंचोळ्या भूखंडांचे कडे. जमीन समुद्रसपाटीपासून तीन ते पाच मीटरच उंच असल्याने वादळ आणि वाढती समुद्रपातळी हा येथील खरा धोका. नदी-ओढे नाहीत, पिण्यासाठी पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात. रेताड मातीत नारळ, फणसाच्या कुळातील ब्रेडफ्रूट आणि खड्ड्यांत लावलेले ‘पुलाका’ हे अळूवर्गीय कंद एवढेच भरवशाचे पीक. उरलेले अन्न समुद्र देतो.

या समाजाची ओळख पटते ती ‘इनाती’ या वाटपपद्धतीतून. गावाने मिळून धरलेली मासळी किनाऱ्यावर मांडतात, वाटप करणारे प्रत्येक गटातील माणसे मोजून वाटे लावतात आणि आपापला वाटा घरी नेला जातो. वृद्ध, विधवा, आजारी, कोणाच्याही घरी वाटा चुकत नाही. मासेमारीला कोण गेले होते हे वाटपात पाहिले जात नाही. पगाराचा पैसा आल्यावरही ही रीत टिकली, ही या बेटांची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल. गावकारभार ‘ताउपुलेगा’ या ज्येष्ठांच्या मंडळाकडे असतो.

१८६३ मध्ये पेरूहून आलेल्या, गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी या बेटांवरील जवळजवळ निम्मी माणसे पळवून नेली. धडधाकट पुरुषच बहुतांशी गेल्याने ही हानी कित्येक दशके भरून आली नाही. १८८९ मध्ये ब्रिटिश संरक्षण आले, १९२५ नंतर कारभार न्यूझीलंडकडे गेला आणि १९४९ पासून हा त्या देशाचाच भाग ठरला. स्वशासनासाठी २००६ व २००७ मध्ये सार्वमत झाले. दोन्ही वेळा बहुमत मिळाले, पण दोन-तृतीयांशाची अट पुरी झाली नाही; दुसऱ्या खेपेस अवघी १६ मते कमी पडली. दक्षिणेकडील ओलोहेगा (स्वेन्स) बेट संस्कृतीने टोकेलाऊचे असले, तरी १९२५ पासून अमेरिकन सामोआत आहे.

टोकेलाऊ भाषा तुवालूच्या भाषेला आणि सामोअनला जवळची. लिपी रोमन, ‘फ’साठीच्या अक्षराचा उच्चार ओठ गोल करून ‘ह्व’सारखा, तर ‘ग’साठीच्या अक्षराचा ‘ङ’ असा होतो. ख्रिस्ती धर्म सामोआतून आल्यामुळे चर्च व शाळेत दीर्घकाळ सामोअनच चालली आणि घरची भाषा लेखनात मागे राहिली. तिचा मोठा शब्दकोश १९८६ मध्ये निघाला. आज तिचे भवितव्य बेटांइतकेच वेलिंग्टन परिसरावर अवलंबून आहे. १९६६ च्या वादळानंतर स्थलांतराला वेग आला आणि न्यूझीलंडमध्ये आता आठ हजारांहून अधिक टोकेलाऊवंशीय राहतात. तिथे जन्मलेल्या पिढीत ही भाषा बोलणारे थोडेच आहेत, म्हणून दर वर्षी टोकेलाऊ भाषा सप्ताह पाळला जातो.