सुईचं टोक नेमकं कुठे आहे?

मणक्यांमधली गादी सरकली की कंबरेत उठलेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते. मज्जातंतूच्या मुळावर दाब तर असतोच, शिवाय गादीतून बाहेर आलेल्या गरामुळे तिथे दाहही होतो. मणक्यात देतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन या दाहासाठी असतं. त्याने गादी जागेवर जात नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

औषध सोडायचं ते एपिड्यूरल पोकळीत. मागे पिवळा अस्थिबंध, पुढे मज्जारज्जूचं आवरण आणि मधे थोडी चरबी नि बारीक शिरा. कंबरेच्या भागात ही जागा मधोमधही जेमतेम 5-6 मिलिमीटर असते. सुई थोडी जास्त गेली तर आवरण भेदलं जातं, आतला द्रव झिरपतो आणि उठून बसलं की डोकं ठणकतं.

ही पोकळी शोधायची जुनी खूण अंगठ्याला कळते. सिरिंजमध्ये सलाइन किंवा हवा भरून दट्ट्यावर हलका दाब ठेवत सुई पुढे नेतात. चिवट अस्थिबंधात दट्ट्या हलत नाही. तो ओलांडला की एकदम सैल पडतो. इटालियन सर्जन दोग्लिओत्ती यांनी 1930च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पण अंगठा फसतो, अनुभवी डॉक्टरांचासुद्धा. म्हणून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत काम करतात आणि औषधाआधी थोडा डाय सोडतात. तो मुळाच्या कडेने पसरला तर जागा बरोबर. क्षणात वाहून गेला तर टोक रक्तवाहिनीत आहे.

बारीक सुई सरळ जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे स्नायूंमधून जाताना ती कापाच्या विरुद्ध बाजूला वळते. काप कुठल्या बाजूला आहे ते सुईच्या मागच्या टोकावरच्या खाचेवरून कळतं. सुई बोटांत फिरवून डॉक्टर तिला हवं तिकडे वळवतात. काही जण तर टोक आधीच किंचित वाकवून घेतात. मला तरी या तंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: सुईची खोडच सुकाणू म्हणून वापरायची.

मज्जातंतू जिथून बाहेर पडतो त्या छिद्रातून सुई घातली तर औषध दुखऱ्या मुळाच्या अगदी जवळ पोचतं. धोकाही तिथेच. त्या छिद्रातून कधी कधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी जाते. कणदार स्टिरॉइड तिच्यात गेलं तर रक्तपुरवठा अडून पाय लुळे पडू शकतात. हे फार क्वचित घडतं. पण अशा गंभीर परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये इशारा दिला होता. म्हणून या वाटेने बरेच डॉक्टर डेक्सामेथासोन पसंत करतात, कारण त्यात असे कण नसतात.

आराम पडला तर साधारण काही आठवडे ते काही महिने टिकतो. पायातल्या कळेवर गुण येतो तितका नुसत्या कंबरदुखीवर येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायलाच हवी. आणि रुग्णाला सहसा गाढ झोपवत नाहीत: सुई मुळाला टेकली तर पायात चमक जाते, आणि ती कळल्याबरोबर डॉक्टरांना सुई मागे घेता येते.