मक्रणपूर परिषद

मक्रणपूर परिषद : मराठवाड्यातील दलित समाजाची ३० डिसेंबर १९३८ रोजी मक्रणपूर (ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद) येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत भरलेली परिषद. तिच्या स्मरणार्थ १९७२ पासून दरवर्षी त्याच तारखेला मक्रणपूरला भरणाऱ्या मेळाव्यालाही हेच नाव आहे. मूळ परिषदेचे संयोजक भाऊसाहेब मोरे. ‘जयभीम’ हे अभिवादन समाजाने ठराव करून स्वीकारले ते याच परिषदेत, अशी मराठवाड्यातील दृढ परंपरा आहे.

मक्रणपूर हे कन्नड शहरालगत शिवना नदीच्या परिसरातील गाव. कन्नडहून उत्तरेला औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश लागतो. १९३८ साली घाटाखालचा खानदेश ब्रिटिशांच्या मुंबई प्रांतात होता आणि घाटावरचा कन्नड तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात. परिषदेसाठी मक्रणपूर निवडले, कारण ती जागा ब्रिटिश अंमलाखाली होती, असे परिषदेच्या परंपरेत सांगितले जाते. आजच्या नकाशावर कन्नडच्या शेजारचे हे गाव पाहिले की ते विधान कोड्यात टाकते. परंतु मराठी मुलखात निजामाच्या आणि इंग्रजांच्या हद्दी सलग नव्हत्या, अनेक ठिकाणी त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्यामुळे परंपरेतील हा तपशील केवळ भौगोलिक कारणाने बाजूला सारता येत नाही.

सभेची जागा शोधण्यासाठी हद्दीचा विचार करावा लागे, याचे कारण संस्थानचा कारभार होता. परवानगीशिवाय सार्वजनिक सभा घेण्यावर निर्बंध घालणारे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक १९२९ पासून लागू होते. राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरवण्याचा प्रघात तर त्याहून जुना. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) येथे झाली. चारही गावे निजामाच्या हद्दीबाहेरची. संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, म्हणजे संस्थानाच्या आत भरू शकले, पण ती संघटना बिगरराजकीय म्हणवून घेत होती. मक्रणपूरचे स्थान या मालिकेत ठेवून पाहावे. फरक एवढाच की, अकोल्याला किंवा पुण्याला जाण्याची ऐपत असलेला वर्ग वेगळा होता. मक्रणपूरला आलेला माणूस भाकरी बांधून, पायी आलेला होता. त्याच्यासाठी सभा त्याच्या दाराशी आणणे भाग होते.

१९३८ ची अखेर मराठवाड्यात मोठ्या धामधुमीची होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी येऊन २४ ऑक्टोबरला तिचा सत्याग्रह सुरू झाला होता. आर्य समाजाचा सत्याग्रह त्याच सुमारास उभा राहत होता. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’साठी संप केला. त्याचे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोहोचले, विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबरला सत्याग्रह स्थगित केला. त्यानंतर सहाच दिवसांनी मक्रणपूरची परिषद भरली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत विद्यार्थ्यांच्या संपाला पानेच्या पाने मिळाली आहेत, मक्रणपूरला बहुधा ओळही मिळालेली नाही. ही उणीव साधनांच्या टंचाईची आहे, तशीच ती दृष्टीचीही आहे.

डॉ. आंबेडकर तेव्हा मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. येवल्याची धर्मांतराची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) होऊन तीन वर्षे उलटली होती. येवले हे संस्थानाच्या सीमेजवळचे गाव असल्याने ती बातमी वैजापूर-कन्नडकडे लवकर पोहोचली असणार. निजामी मुलखाचा त्यांना स्वतःचा अनुभवही होता. १९३४ मध्ये सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता, बाहेरच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून ‘हौद बाटवला’ असा गलका झाला, आणि आत कोठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ल्यात सोडण्यात आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दौलताबाद ते कन्नड हे अंतर एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासापेक्षा फारसे जास्त नाही, हे लक्षात घेतले म्हणजे मक्रणपूरच्या श्रोत्यांपुढे ते कोणत्या भूमीवर उभे होते याची कल्पना येते.

परिषदेतील भाषणांचा आशय मुख्यतः आठवणींतून आणि नंतरच्या लेखनातून आलेला आहे. दलितांनी हैदराबाद संस्थानाची पाठराखण करू नये असे बाबासाहेबांनी या सभेत सांगितले, असे त्यात नमूद असते. या ठिकाणी सावध राहणे बरे. निजामाची बाजू घेऊ नका आणि धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नका, हे त्यांचे स्पष्ट निवेदन २७ नोव्हेंबर १९४७ चे आहे. त्या गाजलेल्या निवेदनाचा सूर नऊ वर्षे आधीच्या भाषणाच्या आठवणीत मिसळला असणे अशक्य नाही. तरीही १९३८ च्या भाषणाची दिशा तीच असावी, असे मानण्यास परिस्थितीचा आधार आहे : संस्थानी सत्तेपासून गावकीपर्यंत वेठ (बिनमोल सक्तीचे काम) आणि वतन (पिढीजात गावकामाचे बंधन) यांचा भार दलितांवरच होता, आणि निजामाचे राज्य त्यात काही हलके करील अशी चिन्हे नव्हती.

भाऊसाहेब मोरे यांचा उल्लेख पुष्कळदा ‘मराठवाडा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पहिले अध्यक्ष’ असा केला जातो. ते पद त्यांना मिळाले ते पुढे. फेडरेशनची स्थापनाच जुलै १९४२ मध्ये नागपूरला झाली. म्हणून १९३८ च्या परिषदेला ‘फेडरेशनची परिषद’ म्हणणे चूक ठरते.

अभिवादनाचा उगम : परिषदेविषयीच्या परंपरेचा गाभा हा आहे. मोरे भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी असे मांडले की, प्रत्येक समाज आपापल्या दैवताच्या नावाने एकमेकांना भेटतो. आपल्याला प्रगतीची वाट बाबासाहेबांनी दाखवली, तर आपणही यापुढे भेटताना ‘जयभीम’ म्हणावे. सभेने ते उचलून धरले आणि तसा ठराव केला.

या युक्तिवादाला मराठवाड्याच्या बोलण्यात पक्का आधार आहे, आणि परंपरा खरी वाटण्याचे तेही एक कारण आहे. या भागात अभिवादनावरून माणसाचा पंथ कळतो. महानुभाव ‘दंडवत’ घालतो, वारकरी ‘रामकृष्ण हरी’ म्हणतो, लिंगायत ‘शरणू शरणार्थी’, मुसलमान ‘सलाम’, नांदेडचा शीख ‘सत् श्री अकाल’. इतर शेतकरी जातींत ‘रामराम’. महाराच्या वाट्याला ‘जोहार’ आलेला होता. चोखोबांच्या अभंगांतला ‘जोहार मायबाप जोहार’ विठ्ठलापुढे घातलेला आहे, पण गावात तोच शब्द पाटलापुढे, कुलकर्ण्यापुढे, वाकून घालावा लागे. जोहार खालून वर जातो, आणि उलट येतो तो जोहार नसतो. ‘जयभीम’ला मात्र उत्तरही ‘जयभीम’च मिळते. दोन माणसे एका पातळीवर उभी असल्याखेरीज हे अभिवादन पुरेच होत नाही, आणि त्याचे सामाजिक मोल यातच आहे. ते प्रथम कोणी उच्चारले या प्रश्नाने ही गोष्ट झाकली जाऊ नये.

तथापि तो प्रश्न आहेच. विदर्भातील परंपरेप्रमाणे ‘जयभीम’चे जनक कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) होत. हरदास हे स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यकर्ते. १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले. मुसलमान बांधव ‘सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम सलाम’ असे उत्तर देतात, त्या धर्तीवर ‘जयभीम’ आणि त्याला उत्तर ‘बलभीम’ अशी जोडी त्यांनी योजली, आणि पुढे दोन्हीकडून ‘जयभीम’च रूढ झाले, असे सांगतात. हे १९३५ च्या सुमाराचे मानले जाते. काहींच्या मते शब्दाचा संबंध भीमा नदी आणि कोरेगावची लढाई (१ जानेवारी १८१८) यांच्याशी जोडावा. कोरेगावच्या स्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली होती, एवढाच या मताला आधार. नदीचे नाव स्त्रीलिंगी ‘भीमा’ असताना घोषणेत ‘भीम’ का यावे, याचे उत्तर ते देत नाही. ‘भीम’ हे भीमराव या नावाचे संक्षिप्त रूप, हाच अर्थ सरळ आहे. ‘जयहिंद’च्या अनुकरणाची कल्पनाही टिकत नाही. तो शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो १९४० नंतरच्या दशकात.

हरदास आणि मोरे यांच्या परंपरांत खरे पाहता विरोध नाही. शब्द सुचणे आणि समाजाने तो सभेत ठराव करून घेणे या दोन वेगळ्या घटना आहेत. विदर्भाची परंपरा पहिलीविषयी बोलते, मराठवाड्याची दुसरीविषयी. कामठीकडील प्रयोग आधीचा असावा, आणि जलसे, सभा व साप्ताहिके यांच्या वाटेने तो घाटाखालून वर आला असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मक्रणपूरचे वेगळेपण असे की, ज्या मुलखात सभेलाच बंदी होती तिथल्या माणसांनी ते अभिवादन जाहीरपणे, सर्वांनी मिळून आपले केले. हरदास यांचे निधन १२ जानेवारी १९३९ रोजी, या परिषदेनंतर तेराव्या दिवशी झाले.

परिषदेनंतर : मराठवाड्यातील पुढच्या सभांपैकी कसबे तडवळे (जि. धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद) येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी भरलेली महार-मांग वतनदार परिषद महत्त्वाची. तिथे वतनाचा प्रश्न दोन जातींनी एका मांडवात मांडला. पोलीस कारवाईनंतर (सप्टेंबर १९४८) संस्थान भारतात आले. मोरे आणि त्यांचे सहकारी गायरान जमिनी भूमिहीनांच्या नावे व्हाव्यात या मागणीकडे वळले, आणि १९५३ मध्ये मराठवाड्यात त्यासाठी सत्याग्रह झाला. गायरानाचे सातबारे अजूनही या भागातल्या सभांतून निघणारा पहिला विषय असतो.

याच काळात शिक्षणाची दुसरी वाट उघडली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद महाविद्यालय. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १ सप्टेंबर १९५१ रोजी बसवली. त्याच्या नागसेनवन परिसरात खेड्यापाड्यांतून आलेली मुले वसतिगृहात राहून शिकली, आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक तिथल्याच वातावरणात वाढले. मक्रणपूरला ऐकायला आलेल्यांची नातवंडे पुढे व्यासपीठावर बोलायला उभी राहिली, त्याची तयारी नागसेनवनात झाली.

स्मरणार्थ मेळावा १९७२ मध्ये सुरू झाला. ते वर्ष मोठ्या दुष्काळाचे. मराठवाड्यातील भूमिहीन माणूस खडी फोडण्याच्या कामावर होता किंवा शहराच्या वाटेवर. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. मेळाव्याने ३० डिसेंबर ही तारीख कायम राखली. मक्रणपूरच्या टेकडीवरील विटांचा चौथरा मूळ परिषदेचे व्यासपीठ म्हणून दाखवला जातो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा हा वेगळ्या नोंदीचा विषय. येथे एवढेच की, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केल्यावर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांचे खून झाले. अनेक गावांतून कुटुंबे परागंदा झाली. अशा दिवसांत गावच्या रस्त्यावर मोठ्याने ‘जयभीम’ म्हणणे ही जोखमीची गोष्ट होती. विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

मेळाव्याची रीत साधी आहे. बुद्धवंदना होते, भीमगीते होतात, नंतर भाषणे. वक्त्यांत जुने कार्यकर्ते, प्राध्यापक, वकील आणि विद्यापीठात शिकणारी मुले-मुली असतात. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, आरक्षण, अत्याचाराचे खटले आणि गायरान हे विषय फिरून फिरून येतात. कन्नड, वैजापूर, सिल्लोड आणि घाटाखालच्या चाळीसगावाकडून माणसे येतात. मूळ परिषदेला खानदेशातून लोक आले होते असे सांगतात, त्यामुळे घाटाची ही वाट दोन्ही काळांत एकच राहिली आहे. प्रत्येक वक्ता बोलण्याच्या आरंभी आणि अखेरीस ‘जयभीम’ म्हणतो, आणि समोरून तेच उत्तर येते.