माळवद

माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि किलचांवर (लाकडाच्या पातळ चिरफळ्यांवर) मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर. बोलताना तसे छप्पर असलेल्या घरालाही माळवदच म्हणतात: ‘त्यांचं माळवद आहे’ म्हणजे त्यांचे घर त्या पद्धतीचे आहे. खानदेशात याला धाबे म्हणतात, आणि मराठवाड्यातही काही ठिकाणी ‘धाब्याचं घर’ हा शब्द चालतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हे घर दिसते. सोलापूर, बिदर, कलबुर्गी या शेजारच्या भागांतही ते आहे.

कोकणातल्या माणसाला सपाट मातीचे छप्पर हा वेडेपणा वाटेल. मराठवाड्यात मात्र वर्षाकाठी सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही खंड पडत पडत. उन्हाळा चार महिन्यांचा असतो आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. इथल्या घराला पाण्यापेक्षा उन्हाचा विचार जास्त करावा लागतो. हातभर जाडीच्या मातीत दुपारचे ऊन हळूहळू उतरते. ते खालच्या खोलीपर्यंत पोहोचेतो रात्र झालेली असते आणि तोवर घरातली माणसे माळवदावर अंथरुणे टाकून झोपलेली असतात.

काळी आणि पांढरी

मराठवाड्यातला शेतकरी जमिनीला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. हा नुसता रंगाचा फरक नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी माती छपरावर टाकली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती तडकते आणि पुढच्या पावसात घर गळते. म्हणून कापसाला चांगली असलेली माती घराला नालायक ठरते.

पांढरी माती म्हणजे शेकडो वर्षे एकाच जागी गाव नांदल्याने साचलेली माती. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, पुन्हा त्यावर बांधलेल्या भिंती असे सगळे तिच्यात मुरलेले असते. ती फारशी फुगत नाही आणि चोपली की घट्ट बसते. काही गावांत खारी किंवा चोपण मातीही वापरतात. चोपण जमिनीतल्या सोडियममुळे मातीचे बारीक कण ओले झाले की सुटे होतात आणि छिद्रे बुजवून टाकतात. त्यामुळे वरचा थर भिजतो, पण पाणी खाली जात नाही. ज्या गुणामुळे शेतकरी चोपण जमिनीला वैतागतो, नेमका तोच छपराला हवा असतो. शिवाय तिच्यात गवतही कमी उगवते.

पांढरीची माती पाडलेल्या घरातून निघते आणि नव्या घरात जाते. उरली तर शेतकरी ती खत म्हणून रानात टाकतात. देशमुख-पाटलांच्या पडक्या गढ्यांची मातीही गावोगाव अशीच उचलली गेली. यात एक नुकसान आहे आणि ते लहान नाही. पैठण आणि तेर इथल्या पांढऱ्या टेकाडांत सातवाहनकाळाचे अवशेष आहेत. इतर जुन्या गावठाणांखाली काय आहे हे कोणी पाहण्याआधीच माती गाड्यांतून निघून जाते.

बांधणी

घराचा आकार खणांत सांगतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. गरिबाचे घर दोन-तीन खणांचे, बऱ्यापैकी शेतकऱ्याचे पाच-सात खणांचे, आणि वाड्याला चौक, ढाळज (दरवाजाशेजारची बैठकीची जागा), सोपा, माजघर अशी रचना. खांब दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे त्याचा पाय ओलीत राहत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर किलच किंवा फळ्या. पैसेवाल्याने किनवटकडचे सागवान आणले, बाकीच्यांनी बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब वापरला. किलचांवर कडुनिंबाचा आणि तरवडाचा पाला, तुराट्या किंवा पळाट्या (तुरीची किंवा कापसाची वाळलेली झाडे) अंथरतात. निंबाचा पाला वाळवीला दूर ठेवतो असा अनुभव आहे. त्यावर भिजवून तुडवलेला गारा, आणि सर्वांत वर कोरडी पांढरी माती.

गारा ही घाईची गोष्ट नाही. माती, गव्हाचे भुसकट आणि पाणी कालवून ती काही दिवस कुजू देतात, रोज पायांनी तुडवतात. भुसकट सडायला लागले की चिखल चिकट होतो आणि वाळताना तडकत नाही. मातीत तंतू मिसळण्याची ही युक्ती याच मुलखात किती जुनी आहे हे पाहायचे तर अजिंठ्याला जावे. तिथल्या चित्रांखालचा गिलावा माती, भुसा आणि वनस्पतींच्या तंतूंचा आहे, आणि त्यातला बराचसा सुमारे १,५०० वर्षांपूर्वीचा आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. मातीचे काम टिकत नाही असे म्हणणाऱ्याला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच हे उत्तर मिळते.

भिंती दोन ते तीन फूट जाड, कधी त्याहून जास्त. पांढऱ्या मातीचे भेंडे (न भाजलेले मातीचे ठोकळे) रचून केलेल्या भिंतीही आहेत, पण लातूर-धाराशिवकडे काळा दगड मुबलक असल्याने तिथे मातीत बसवलेल्या दगडाची भिंत जास्त. भिंतीच्या जाडीचाही उपयोग करून घेतलेला असतो: दिव्याला देवळी, भांड्यांना कोनाडे आणि धान्याला बळद. बळद म्हणजे भिंतीला लागून केलेली बंद कोठी. वरून धान्य ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे.

घराला खिडक्या कमी. उजेड येतो तो साण्यातून. साणे म्हणजे माळवदाला ठेवलेले टीचभर किंवा हातभर भोक. दुपारी स्वयंपाकघरात गेले की त्यातून उन्हाची एकच तिरीप चुलीजवळच्या सारवलेल्या भुईवर पडलेली असते आणि तिच्यात धूर वर चढताना दिसतो. तिरीप कुठल्या कोपऱ्यात आली यावरून जुन्या बायका वेळ सांगत. धूर त्याच भोकातून बाहेर जातो आणि जाताना वरचे लाकूड काळे करून जातो. त्या काजळीने किडीपासून लाकूड बरेच वाचते, पण तोच धूर बायकांच्या छातीत आणि डोळ्यांतही गेला, हेही नोंदवले पाहिजे. आभाळ भरून आले की पोरांना ओरडून सांगतात, ‘वर जाऊन साणं झाक’. मग त्यावर परात, फरशी किंवा पत्र्याचा तुकडा ठेवतात.

मृगाआधीची कामे

माळवदाला दरवर्षी हात लावावा लागतो. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कुठे गळते ते कळते. मग मृग लागायच्या आत, म्हणजे जूनचा पहिला आठवडा संपायच्या आत, गाडीभर माती वर चढते. उगवलेले गवत मुळासकट उपटतात, कारण मूळ कुजले की तीच पाण्याची वाट होते. उंदरांची बिळे बुजवतात. नवी माती पसरून, पाण्याचा हलका शिडकावा देऊन लाकडी चोपणीने बडवतात. उतार पन्हाळीकडे आहे ना हे पाहण्यासाठी एक तांब्या पाणी ओततात आणि ते कुठे जाते ते बघत उभे राहतात. भर पावसात गळती लागलीच तर पोते डोक्यावर घेऊन कोणीतरी वर जाते आणि त्या जागी राख दाबून येते.

पावसाळा संपला की माळवद पुन्हा घराचे अंगण होते. उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि सांडगे तिथेच वाळतात. दाट वस्तीत घरे एकमेकांना लागून असल्याने एका माळवदावरून दुसऱ्यावर जाता येते. गावातली अर्धी बोलणी त्याच वाटेने होतात.

किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून लोक घरात झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगारा झाली, हजारो माणसे गेली. एकूण मृत्यू दहा हजारांच्या घरात मानले जातात. त्या वेळच्या भूकंपनकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टाच पुढे २००२ च्या सुधारित नकाशातून काढून टाकण्यात आला.

त्या पहाटेनंतर ‘मातीच्या घरांनी माणसे मारली’ असे सगळीकडे बोलले गेले आणि ते अजून बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. काय पडले आणि का पडले हे नीट सांगायला हवे, कारण चुकीच्या उत्तरावर पुढची तीस वर्षे गेली.

लातूर भागातली दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती दोन भिंती असतात: बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगाला ओबडधोबड, आणि मध्ये गोटे व मातीची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या पूर्ण जाडीचा लांब दगड जुने गवंडी ठरावीक अंतराने घालत. पुढे घाईत आणि काटकसरीत तो वगळला जाऊ लागला. हादरा बसला की मधली भर खाली बसते आणि दोन्ही अंगांना बाहेर रेटते, भिंतीला पोट सुटते आणि ती फुटते. कोपऱ्यांत दगड एकमेकांत गुंतवलेले नसले तर तिथूनही ती उघडते.

दुसरे कारण डोक्यावर होते. दरवर्षी नवी माती टाकायची, पण जुनी खरवडायची नाही. पिढी-दोन पिढ्यांत एक फुटाचा थर दोन फुटांवर जातो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टनांहून अधिक ओझे, दोन फूट म्हणजे नऊ टनांहून अधिक. घर गार राखणारा आणि गळती थांबवणारा तोच थर त्या पहाटे अंगावर आला.

पण अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला. छपराचे ओझे भिंतींवर न देता खांबांवर घेणारी खणाची पद्धत मुळात शहाणपणाची होती. तिचे सांधे नीट बांधलेले असते आणि भिंती दोन अंगांत फुटल्या नसत्या, तर कितीतरी माणसे वाचली असती.

उपाय तेव्हाही माहीत होते. भारतीय मानक संस्थेचे आयएस १३८२८ (कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी) आणि आयएस १३८२७ (मातीच्या बांधकामासाठी) हे दोन्ही मार्गदर्शक १९९३ चेच आहेत. भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांच्या अंतरावर आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा, कोपऱ्यांना सांधे आणि हलके छप्पर, एवढा त्यांचा गाभा. उभ्या घरालाही भिंतीत भोके पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून असे दगड नंतर बसवता येतात. माळवदाच्या थरात जाड प्लास्टिकचा कागद घातला तर पाणी अडवण्यासाठी मातीची जाडी वाढवावी लागत नाही.

पुनर्वसनात मात्र लोकांनी सिमेंटची घरे मागितली. ज्यांनी आपली माणसे दगडांखालून काढली त्यांना दगड डोळ्यांसमोर नको होता, आणि त्यांना दोष देता येणार नाही. बावन्न गावे नव्या जागी वसली, सरळ रस्त्यांची आणि सुट्या घरांची. माळवदावरून शेजारी जायची वाट तिथे राहिली नाही.

आजची स्थिती

नवे माळवद आता जवळजवळ कोणी बांधत नाही. लाकूड परवडत नाही, आणि गारा तुडवणारे, चोपणी चालवणारे हात उरले नाहीत. पंतप्रधान आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचे लागते. योजनेच्या निकषांत मातीच्या भिंती व छप्पर ‘कच्चे’ ठरतात. म्हणजे तीन फुटांची भिंत असलेले, शंभर वर्षे उभे राहिलेले घर कच्चे, आणि चार इंची विटेवर पत्रा टाकलेली खोली त्याच्या पुढची पायरी. मे महिन्यातल्या दुपारी त्या पत्र्याखाली बाळंतीण किंवा म्हातारे माणूस बसू शकत नाही. निकष लिहिताना या गोष्टीचा विचार व्हायला हवा होता.

ज्यांना मातीतच बांधायचे आहे त्यांना मुरमाड मातीत थोडे सिमेंट किंवा चुना मिसळून, यंत्राने दाबून केलेले बिनभट्टीचे ठोकळे हा मार्ग आहे. त्यांच्यासाठी आयएस १७२५ हे मानक आहे. निव्वळ काळी माती याला चालत नाही.

जुनी माळवदे मात्र अजून हजारोंनी वापरात आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली, नांदेड, परभणी भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मार्चमधल्या धक्क्यानंतर पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असे प्रशासनाने लोकांना सांगितले. माळवदाच्या घरात राहणाऱ्यानेही असेच काही करण्यासारखे आहे. मृगाआधी माती वर चढवण्यापूर्वी जुन्या थरात चार ठिकाणी सळई खुपसून जाडी मोजावी. ती वीतभरापेक्षा फार जास्त भरली तर नवी माती खालीच ठेवावी, जुनी खरवडून उतरवावी आणि रानात टाकावी.